एकोणिसावी ओळ

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी माझ्या बापाशी जसं वागले ते वाचून तुम्हाला माझा राग येणार आहे.

वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. बीड जिल्ह्यात केजला तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली एक टेबल, एक खुर्ची आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, एवढंच त्यांचं दुकान. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तिथं बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. आधी मशीनवर करायचे. मशीन म्हणजे खटखट वाजणारा टाइपरायटर. पुढं मशीनचा कागद कुणी घेईना झालं, तेव्हा मी त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. मी कॉम्प्युटरची इंजिनियर. पुण्यात आठ वर्षं नोकरी केली, आता घरूनच काम करते, वरच्या खोलीत बसून.

लॅपटॉप आला त्या महिन्यात अण्णा त्याच्याशी रोज भांडायचे. टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या बाजूला शंभर बटणं. अण्णा म्हणाले, "हे बांगड्याच्या दुकानात आल्यावानी वाटायलंय बघ. मला निस्ता कोरा कागद दे." मग मी हट्टानं त्यांच्यासाठी एक छोटा एडिटर, म्हणजे टाइप करायचं साधं सॉफ्टवेअर, लिहिला. कीबोर्डच्या कळांचा क्रम त्यांच्या जुन्या मशीनसारखा, मध्ये पांढरा कागद, आणि अगदी खाली एक करडी पट्टी. आपण कितव्या ओळीवर आहोत, शब्द किती झाले, कागद सेव्ह झाला की नाही, हे त्या पट्टीवर मराठीत लिहून येतं. बस्स. अण्णा इतके खूश झाले की समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "हे आमच्या पोरीनं केलंय." उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाला त्याचं काय? पण ऐकून घ्यावं लागायचं बिचाऱ्याला.

आता थोडं गणित सांगते, घाबरू नका. एडिटरला एक गोष्ट सारखी ठरवावी लागते, ती म्हणजे आत्ता पडद्यावर किती ओळी मावतात. त्यासाठी पडद्यावरच्या खिडकीची पूर्ण उंची घ्यायची. त्यातून वर फाइलचं नाव येतं त्या पट्टीची उंची वजा करायची, खालच्या पट्टीची वजा करायची. उरलेल्या उंचीला एका ओळीच्या उंचीनं भागायचं. जेवढा भागाकार येईल तेवढ्या ओळी. चौथीतल्या लेकरालाही जमेल. मी ते एका बैठकीत लिहिलं आणि पुन्हा तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. खालच्या पट्टीची उंची तर मी मोजलीसुद्धा नव्हती, एका ओळीएवढी धरली होती. पट्टीत एकच ओळ असते, मग मोजायचं काय त्यात?

दिवाळीत अण्णा म्हणाले, "अक्षर बारीक दिसायलंय गं." मी दोन मिनिटांत सगळीच अक्षरं मोठी करून दिली. कागदावरचीही आणि पट्टीवरचीही. अण्णा म्हणाले, झकास झालं. मी फराळाला बसले.

संक्रांतीच्या सुमारास एक प्रतिज्ञापत्र परत आलं. अशा कागदांची शेवटची ओळ ठरलेली असते, 'वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' ती ओळ त्या कागदावर दोनदा होती. शेजारच्या टेबलावर बाँड पेपर विकणारे मामू बसतात. अण्णांचे तीस वर्षांचे दोस्त. ते कागद बघून म्हणाले, "काय भई, गिऱ्हाईक एकदा खरं बोललेलं पटंना का तुमाला? दोन-दोनदा वदवून घ्यायलाव!" शेडखाली सगळे हसले. अण्णाही हसले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. आता अण्णा छापलेला कागद गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः वाचायचे, ओळ दोनदा दिसली की गुपचूप फाडायचे आणि दुसरा काढायचे. घरी आल्यावर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ते फाडलेले तुकडे असायचे. आईनं धुण्याच्या वेळी काढून मला दाखवले. तीस-पस्तीस वर्षं मशीनवर टाइप करणारा माणूस, ज्याच्या कागदावर चूक झाकायला कधी पांढरी शाई लागली नाही, तो कागद फाडून खिशात लपवायला लागला होता.

मी विचारलं तर म्हणाले, "मला काय कळंना बघ. ओळ टाइप करतो. मान वर करून बघतो तर ओळ न्हाई. म्हणून परत टाइप करतो, तर एक दिसती. मग सेव्ह केलं की दोन व्हत्यात."

"अण्णा, ओळी म्हणजे काय कोंबड्या हायेत का, डालग्याखाली लपायला आन निघायला?"

"लपती खरं. ती खालची पट्टी वर चढती."

"पट्टी कशी चढंल? खिळा मारल्यासारखी तिथंच असते ती. मी केलीय, मला माहीत न्हाई का?"

तरी मी त्यांची फाइल वर नेऊन माझ्या मोठ्या पडद्यावर उघडली. सगळ्या ओळी जागच्या जागी आणि शेवटची ओळ खरंच दोनदा. म्हणजे त्यांनी ती दोनदा टाइप केली होती, यात शंका नव्हती. मी खाली येऊन म्हणाले, "कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं काही करत न्हाई अण्णा. जे दाबाल तेच येतं. तुमी लक्ष देऊन टाइप करत जा की जरा!" शेवटचं वाक्य चढ्या आवाजातच आलं. अण्णा ताटावरून उठून हात धुवायला गेले.

ते असे उठून का गेले ते मला माहीत होतं, आणि माहीत असून मी ओरडले, याचंच वाईट वाटतं. आमचे थोरले चुलते, अण्णांचे सख्खे भाऊ, एकदा बीडहून येताना मांजरसुंब्याला एसटीतून चहा प्यायला उतरले आणि घरचा रस्ता कुठला हेच विसरले. चार रस्ते फुटतात तिथं. गाडी निघून गेली आणि ते तीन तास फाट्यावर उभे होते. शेवटी एका ढाब्यावाल्यानं त्यांना केजच्या जीपमध्ये बसवून दिलं. त्यानंतरची दोन वर्षं ते अण्णांना "तुमी कोण्या गावचे?" म्हणून विचारायचे. अण्णा दर वेळी गावाचं नाव सांगायचे. एकदाही चिडले नाहीत. पण ती भीती त्यांच्या पोटात कायमची बसली, की आपलंही असंच होणार.

फेब्रुवारीत एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "एक तारखेपासून टेबल सोडतो मी. एक टायपिंगवाला मागायलाय, त्याला देतो."

आई म्हणाली, "कावून? काय झालं?"

"लोकांचे कागद हायेत. आज शेवटची ओळ दोनदा पडली. उद्या कुणाच्या शेताच्या कागदात भलतंच काही पडलं म्हंजी? त्या माणसानं काय करावं?"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं." एवढंच. वरून शनिवारची वेळ घेतली, बीडच्या एका डॉक्टरांची, डोक्याची तपासणी करायला. आपण किती काळजी घेतो बापाची, असंही वाटलं मला. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

शुक्रवारी दुपारी मी शेडवर गेले. लॅपटॉप घरी न्यायचा होता, त्या टायपिंगवाल्याला द्यायच्या आधी त्यातले लोकांचे कागद काढून टाकायला. अण्णांसमोर एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत कागदांची चळत. तिचं प्रतिज्ञापत्र चाललं होतं. अण्णा म्हणाले, "एवढं करतो, मग घेऊन जा." मामूंनी मला त्यांचं स्टूल दिलं. मी अण्णांच्या शेजारी बसले. लॅपटॉप दिल्यापासून इतक्या वर्षांत त्यांना टाइप करताना शेजारी बसून बघायची ही माझी पहिलीच वेळ होती. घरी काम करते म्हणून कौतुक सांगायचं, आणि घरापासून दहा मिनिटांवरच्या शेडवर जायला मला सवड नव्हती.

पडद्याच्या उजव्या कडेला अण्णांनी कागदाची एक लांब पट्टी चिकटवली होती. तिच्यावर पेन्सिलीनं एकाखाली एक आकडे, एक ते एकोणीस.

"हे काय अण्णा?"

"ते व्हय? मशीनवर कागदाच्या मागं आकड्याचा कागद लावायचो आमी. किती ओळी राहिल्या ते कळायचं. नसता खाली सहीला जागाच उरायची न्हाई. इथं बी लावला. बघावं म्हणलं, आपली ओळ जाती कुठं."

बघा म्हणजे. ज्याचं डोकं चालत नाही असं आम्ही घरात धरून चाललो होतो, तो माणूस आकड्यांचा कागद लावून चूक शोधत बसला होता. आणि इंजिनियर बाई बीडच्या डॉक्टरांना फोन करत होत्या.

अण्णा टाइप करू लागले. ते टाइप करताना कधी पडद्याकडे बघत नाहीत, मशीनवर शिकलेली माणसं बघतच नाहीत. नजर त्या बाईच्या कागदांवर, बोटं आपली चाललेली. मी मात्र पडद्याकडे बघत होते. पहिलं अक्षर पडलं आणि खालच्या पट्टीवरचा मजकूर बदलला. 'सेव्ह झाले'च्या जागी आलं 'बदल झाले आहेत, अजून सेव्ह केलेले नाही'. मोठ्या अक्षरांत ते लांबलचक वाक्य त्या छोट्या पडद्यावर एका ओळीत मावेना. ते दुसऱ्या ओळीवर गेलं. आणि पट्टी वर चढली. खरंच चढली, अण्णांच्या कागदावरचा एकोणीसचा आकडा होता बरोबर तिथपर्यंत.

मी स्टूल पुढं ओढलं.

मी ओळी मोजत राहिले. सोळा, सतरा, अठरा. अण्णांचे कागद सगळे एकाच पानाचे आणि एकोणीस ओळींच्या आत बसवलेले, जन्माची सवय. एकोणिसावी ओळ त्यांनी टाइप केली, 'वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे', आणि ती ओळ त्या चढलेल्या पट्टीच्या मागं पडली. माझ्या गणितात पट्टी एकाच ओळीची होती, त्यामुळं एडिटर आपला समजत होता की एकोणीस ओळी दिसतायत. दिसत होत्या अठरा. अण्णांनी मान वर केली. पडद्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि ते माझ्यापासून लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ती ओळ परत टाइप करायला त्यांनी बोटं उचलली.

"थांबा!" मी एवढ्यानं ओरडले की ती बाई पिशवी छातीशी धरून उभीच राहिली. "हात लावू नका अण्णा! ओळ हाय! टाइप केलीय तुमी, मी बघितलंय!"

मी सेव्हची कळ दाबली. मजकूर आखूड झाला, पट्टी खाली उतरली आणि एकोणिसावी ओळ जागेवर दिसायला लागली. एकदाच. अण्णांच्या आकड्याच्या अगदी समोर.

घरी बघितलं तेव्हा मला का दिसलं नाही, तेही आता कळलं. घरी यायची ती फाइल सेव्ह झालेली, आणि माझा पडदा मोठा. तिथं पट्टी कधी चढायचा प्रश्नच नव्हता. आणि इथं ती ओळ परत टाइप केली की कागद एक ओळ वर सरकायचा, पहिली दिसायची आणि दुसरी पट्टीमागं जायची. अण्णांनी मला चूक दोनदा सांगितली होती, अगदी पायरीपायरीनं. ओळ नसते, मग एक दिसते, सेव्ह केलं की दोन होतात, पट्टी वर चढते. पुण्यात चुका शोधायला ठेवलेली पगारी माणसं इतकी नीट चूक सांगत नाहीत. आणि मी त्यांना कोंबड्यांची गोष्ट सांगितली होती.

"म्हंजी…" अण्णा अडखळले. "म्हंजी माझं डोकं…"

"तुमचं डोकं ठणठणीत हाय. माझंच गणित चुकलंय. सगळं माझंच चुकलंय अण्णा." मला रडू आलं. कचेरीसमोर, भर दुपारी, स्टूलावर बसून मी रडले. मामूंनी पाण्याची बाटली पुढं केली. ती बाई म्हणाली, "रडू नगं माय, माझा कागद झाला तर बरं हुईल."

"तुमी मला ठणकावून कावून न्हाई सांगितलं?" रडतारडता मी अण्णांवरच चिडले. "म्हणायचं की, तुझं सॉफ्टवेअर खराब हाय म्हणून!"

अण्णा म्हणाले, "तू केलेलं हाय ते. त्यात चूक आसंल आसं मनातच आलं न्हाई."

मी घरी गेले ती धावतच. पट्टीची उंची मनानं धरायची नाही, तिलाच विचारायची, आणि तिच्यावरचा मजकूर बदलला की दर वेळी पुन्हा विचारायची. दहा ओळींची दुरुस्ती. तासाभरात परत येऊन लॅपटॉपवर चढवली. अण्णांनी टाइप केलं, पट्टी चढली, तशा वरच्या ओळीही सरकल्या. मी छाती फुगवून म्हणाले, "झालं?"

अण्णांनी चष्मा वर करून नाक पडद्याला लावलं. "उकार कापायलाय की गं. ह्या 'सुरू'चे पाय कुठं गेले?"

खरंच की. भागाकार पूर्ण आला नव्हता आणि मी उरलेल्या तुकड्यात अर्धी ओळ कोंबली होती. शिवाय एका ओळीची उंची मी धरली होती इंग्रजी अक्षरांवरून, ज्यांना ना वर वेलांटी ना खाली उकार. परत घरी. परत शेडवर. तीन खेपा झाल्या त्या दुपारी. तिसऱ्या खेपेला मामू म्हणाले, "बेटी, तू इथंच एक टेबल टाक." त्या खेपेला अण्णांनी पेन्सिलीचं टोक एकेका आकड्यावर ठेवत वरपासून खालपर्यंत ओळी मोजल्या आणि मान डोलावली. "आता बसतंय."

शनिवारी डॉक्टरांकडे गेलोच. अण्णाच म्हणाले, "वेळ घेतलीय तर जाऊ, मला बी कळू दे." डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, उलटे आकडे म्हणायला लावले, चित्रं काढायला लावली. काळजीसारखं काही नाही म्हणाले, वर्षानं पुन्हा दाखवा म्हणाले. येताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. अण्णा कप हातात घेऊन रस्त्याच्या कडेला गेले. मी लांबून बघत होते. त्यांनी एकेका रस्त्याकडे हात केला आणि स्वतःशीच बोलले, "हा बीडला. हा पाटोद्याला. हा सोलापूरला. हा आपला, केजला." मग माझ्याकडे बघून हसले. कितीतरी महिन्यांनी असे हसले असतील. टेबल सोडायचं त्यानंतर कुणी काढलं नाही, त्या टायपिंगवाल्याला मामूंनीच परस्पर कटवलं.

सोमवारी मी डबा द्यायच्या निमित्तानं शेडवर गेले. आता जाते मधूनमधून. अण्णा म्हणाले, "बस. तुझा एक कागद करून ठेवलाय." पडद्यावर त्यांच्या नेहमीच्या साच्यातलं प्रतिज्ञापत्र होतं. 'मी खाली सही करणार, धंदा कॉम्प्युटर, राहणार केज, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझ्या वडिलांचे डोके ठिकाणावर आहे. खालच्या पट्टीची उंची मी न मोजता धरली होती. तसेच वडिलांनी सांगितलेले मी ऐकले नाही.' आणि शेवटी, एकोणिसाव्या ओळीवर, 'वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.'

"सही कर," अण्णा मिश्किलपणे म्हणाले. "मामू साक्षीदार हायेत."

मामू पेन घेऊन तयारच होते. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला, त्या ओळीच्या शेवटी जाऊन एंटर दाबलं, आणि अण्णांच्या कळांवर अडखळत, एकेक अक्षर शोधत, ती ओळ आणखी एकदा टाइप केली.

"अगं, दोनदा कावून?" अण्णा म्हणाले.

"तुमी मला दोनदा सांगितलं होतं," मी म्हणाले, आणि कागद छापायला टाकला.